बिचारा हॅलोजन

गाडीला पांढरे एलईडी बल्ब टाकून घेतलेला माणूस पहिल्या रात्री हमखास खूश असतो. "पैसे वसूल! दिवसासारखा रस्ता दिसतो," असं तो सांगतो, आणि ते खोटंही नसतं. बॉनेटपुढचं दहा-पंधरा मीटर डांबर खरोखर लख्ख उजळलेलं असतं. पण त्यावरून हॅलोजन आता मोडीत काढावा, असा जो निष्कर्ष सर्रास निघतो, तो मला मान्य नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. हॅलोजन उधळ्या आहे, हे खरंच. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांतला एच-फोर बल्ब डिप्परला 55 वॉट खातो आणि सुमारे 1,000 ल्युमेन देतो. बाकी बहुतेक सगळी उष्णता. 1991 साली बीएमडब्ल्यूच्या 7 सीरीजमध्ये आलेला झेनॉन 35 वॉटांत तिप्पट उजेड देऊ लागला. एलईडी त्याहून टिकाऊ. कारखान्यातूनच एलईडी दिवा घेऊन आलेल्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही. वाद आहे तो हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी कोंबण्याचा.

एक एच-फोर हातात घेऊन पाहा. (काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापलं की बल्ब लवकर जातो.) आत दोन तारा असतात. पुढच्या, डिप्परच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर उजेड पडू देत नाही. वरच्या भागावर आपटलेला उजेड तेवढा खाली रस्त्यावर येतो, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात. रिफ्लेक्टरचा सगळा बाक त्या पाचेक मिलिमीटरच्या तारेची जागा धरून काढलेला. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप. उजेड भरपूर, पण निघायची जागा जराशी सरकली की तो सांडतो: काही समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर, काही आपल्याच चाकांपुढे. चाकांपुढच्या झगमगाटाने आपल्या बाहुल्या आकसतात आणि लांबचा खड्डा उलट अंधारात जातो. डब्यावरचे 6,000 केल्व्हिन उजेडाचा रंग सांगतात, उजेड किती ते सांगत नाहीत. निळसर मुलाम्याचा हॅलोजन तर आपलाच थोडा उजेड गिळून बसतो.

"धुक्यात पिवळाच बरा" म्हणणारेही यातून सुटत नाहीत. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, त्यांना पिवळ्या-पांढऱ्याचं सोयरसुतक नसतं. धुक्यात हवा तो खाली आणि रुंद पडणारा झोत.

मग जुनी गाडी मिणमिणते का? बल्बपाशी 10 टक्के व्होल्टेज कमी पोचलं, तरी हॅलोजनचा उजेड जवळजवळ 30 टक्क्यांनी उतरतो. जुन्या, बारीक वायरिंगमध्ये एवढी गळती सहज होते. रिले टाकून जाड वायर ओढा, पिवळी पडलेली काच (काच म्हणायचं, असतं प्लॅस्टिक) पॉलिश करून घ्या. तोच बल्ब ओळखू येणार नाही.

बल्ब बदललेच असतील, तर आज रात्री गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करून डिप्पर लावा. उजेडाची वरची कड रेखीव दिसायला हवी, डाव्या अंगाला किंचित चढलेली. ती फिसकटलेली दिसली, तर जुने बल्ब डिकीत असतीलच. उद्याच परत बसवून घ्या.