भारुडातील विंचू आणि ‘मी’

विंचू : पैठणच्या संत एकनाथांच्या (समाधी शके १५२१) प्रसिद्ध भारुडातील प्रतीक. भारूड म्हणजे वासुदेव, जोशी, भुत्या अशांची सोंगे घेऊन रचलेले नाट्यमय रूपकगीत. या भारुडात बोलणारा ‘मी’ विंचू चावलेला माणूस आहे. विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्याचे विष सत्त्वगुणाने उतरते. मात्र एवढा अर्थ सांगून प्रतीक संपत नाही. दंश क्षणात होतो, ठणका अंगभर चढतो, माणूस स्वतःवरचा ताबा गमावून बसतो. विकाराचेही असेच होते. गावच्या श्रोत्याला ही वेदना अनुभवाने ठाऊक असते, म्हणून विंचू आधी खरा वाटतो आणि मगच त्याचा आध्यात्मिक अर्थ उमगतो. सादर करणारा कळवळतो, ओरडतो, जमिनीवर लोळतो, ते याचसाठी. हा ‘मी’ म्हणजे कवी नव्हे; एकनाथांच्याच ‘जोगवा’ या भारुडात तर बोलणारी देवीची उपासक स्त्री आहे, कवी पुरुष असूनही.

एकनाथांच्या भारुडांत कवी स्वतः पुढे येतो तो बहुधा अखेरीस, ‘एका जनार्दनी’ या नाममुद्रेत. ‘एका’ म्हणजे एकनाथ. ‘जनार्दन’ हे त्यांचे गुरू, देवगिरीचे जनार्दनस्वामी. वेदना सोंगाच्या तोंडून येते आणि उपदेशाला कवीचे नाव लाभते, ही अशा रचनेची खरी ताकद. म्हणून भारुडातील विंचू चावल्याचा उल्लेख एकनाथांच्या चरित्रातील घटना मानू नये.