काका, नंतर मिनिट्स वाचा

ऑक्टोबर २०२०. मेट्रोच्या कारशेडमुळे आपल्या कांजूरमार्गचं नाव तेव्हा रोज बातम्यांत होतं. आमच्या इमारतीत मात्र विषय एकच, गच्चीची गळती. खाली पटांगणात जमायची सोय नव्हती म्हणून बैठक झूमवर घेतली. लिंक मी पाठवली, होस्टही मीच.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना जन्मापासून ऐकू येत नाही. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. ओठ वाचून समजून घेतात. इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर बैठकीला आले. आता बघा, ओठ वाचायला समोर चेहरा लागतो. आमच्याकडे निम्म्यांचे कॅमेरे बंद, दोघं खिडकीकडे पाठ करून बसलेले म्हणजे चेहरा काळाठिक्कर, एक जण तर घरातही मास्क लावून. त्यात तिघं एकदम बोलणार. काकांनी चॅटमध्ये लिहिलं, "काय ठरलं?" मी दहा मिनिटांनी ते पाहिलं आणि उत्तर टाकलं, "काका, नंतर मिनिट्स वाचा."

प्रत्येक घरामागची वर्गणी त्याच बैठकीत ठरली, एकरकमी. काकांना हप्ते मागायचे होते. ते नंतर कळलं, नोटीस लागल्यावर.

त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. त्यापायी वाचत गेलो, आणि लक्षात आलं की असं पहिल्यांदा घडत नव्हतं.

टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. ज्यांच्या नावावर ते आहे त्या ग्रॅहम बेल यांच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं, बायको बधिर, आणि ते स्वतः बधिर मुलांचे शिक्षक. त्यांच्याच यंत्राने बधिरांना जवळजवळ नव्वद वर्षं बाहेर ठेवलं! मुंबईत १८८२ साली टेलिफोन आला. व्यापार, नोकऱ्या हळूहळू फोनवर गेल्या आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांची एकेक दारं बंद होत गेली. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने साध्या फोनच्या तारेवरून टाइप केलेला मजकूर पाठवायची युक्ती काढली. तो स्वतः बधिर होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढेही तेच दिसतं. दार उघडणारा बहुतेक वेळा बाहेर उभा राहिलेलाच असतो.

आपल्याकडची गोष्ट आणखी गुंतलेली. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळांत खुणांची भाषा नको, मुलांना तोंडाने बोलायलाच शिकवा, असा ठराव तिथे झाला. त्याच दशकात माझगावला बिशप लिओ म्युरिन यांनी देशातली पहिली मूकबधिरांची शाळा काढली. मिलानच्या त्या विचाराचा पगडा जगभरच्या शाळांवर शंभर वर्षं राहिला, आपल्याकडेही. काका ज्या शाळेत शिकले तिथे वर्गात हात हलवले की पट्टी बसायची, असं त्यांनी मला एकदा लिहून दाखवलं. म्हणजे ओठ वाचायची सक्ती आम्हीच केली आणि बैठकीत ओठच दाखवले नाहीत.

वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. तिथे भारतीय सांकेतिक भाषेचे रीतसर वर्ग निघायला २००१ उजाडलं. दिल्लीत या भाषेचं स्वतंत्र संशोधन केंद्र आलं २०१५ मध्ये.

मधल्या काळात टीव्ही होताच. माझ्या वयाच्या लोकांना दूरदर्शनच्या रविवार दुपारच्या बधिरांसाठीच्या बातम्या आठवत असतील. १९८७ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर प्रादेशिक सिनेमा लागायचा म्हणून आम्ही आधीपासून टीव्हीसमोर बसायचो आणि त्या बाईंच्या हातांची नक्कल करून हसायचो. आठवड्याचं सगळं जग कुणाला तरी तेवढ्याच मिनिटांत मिळायचं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मग लॉकडाऊन. शाळा, नोकरी, डॉक्टर, सोसायटी, सगळं एका पडद्यावर आलं. चालायला त्रास असलेल्या कित्येकांची यात खरंच सोय झाली. कांजूरमार्गच्या जिन्यावरची सकाळची गर्दी ज्याने पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको. पण बोललेलं आपोआप खाली लिहून दाखवायची सोय झूमने फुकट खात्यांना सरसकट दिली ती २०२१ च्या ऑक्टोबरात. आमच्या त्या बैठकीनंतर एक वर्षाने.

दृष्टिहीनांची अडचण निराळी. त्यांचा फोन किंवा कॉम्प्युटर पडद्यावरची अक्षरं वाचून ऐकवतो. पण आपण मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करतो तेव्हा पलीकडे जातं ते नुसतं चित्र. त्यात अक्षरं नसतात, वाचणारं सॉफ्टवेअर गप्प. "इथे बघा, हा आकडा" म्हणून आपण पुढे जातो. फाइल आदल्या दिवशी पाठवली तर प्रश्न बराचसा सुटतो, पण ती युनिकोडमध्ये हवी. आपल्याकडे अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रकं फिरतात. ती वाचून घ्यायला गेलं की मराठीऐवजी भलतीच बडबड ऐकू येते. स्कॅन केलेल्या नोटिशीचं तर बोलायलाच नको.

कायदा काय म्हणतो? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, यात एकवीस. माहिती आणि संवादाची साधनं सर्वांना वापरता यावीत, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी २२ सप्टेंबर २०२३ ला बधिर वकील सारा सनी सुप्रीम कोर्टात ऑनलाइन उभ्या राहिल्या, तेव्हा सुरुवातीला पडद्यावर जागा देण्यावरूनच अडलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी परवानगी दिली आणि दुभाष्यासह त्यांनी बाजू मांडली. पुढच्या महिन्यात कोर्टाने त्यांच्यासाठी स्वतःहून दुभाषी नेमला. देशाच्या सर्वोच्च कोर्टात हे, तर आमची गच्ची कुठल्या झाडाचा पाला!

दुसरं प्रकरण बँकांच्या केवायसीचं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, म्हणजे तुम्ही जिवंत माणूस आहात हे सिद्ध होईल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते करता येत नव्हतं. त्या कोर्टात गेल्या, दृष्टिहीन वकील अमर जैन यांनीही याचिका केली. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. थोडक्यात, ही मेहेरबानी नाही.

आमच्याकडे आता नोटिशीत एक ओळ वाढलीय: "बैठकीसाठी कोणाला काही सोय हवी असल्यास चार दिवस आधी कळवावे." काकांनी लगेच कळवलं. या वर्षीच्या ऑनलाइन बैठकीला आम्ही दुभाषी बोलावली, मानधन सोसायटीच्या खर्चातून. तिची चौकट पडद्यावर कायम ठेवली. एका वेळी एकच जण बोलणार, आधी आपलं नाव सांगणार, कॅमेरा चालू. शिवाय बोलणं मराठीत लिहून दाखवणारं ॲपही बाजूला लावलं होतं. त्याने "गळती"चं तीनदा "गल्ली" केलं. दुभाषी होती म्हणून निभावलं. तासाभराची बैठक दीड तास चालली, यावर दोघांनी कुरकुर केली.

विषय लिफ्टचा होता. काकांनी हात वर केला आणि पाच मिनिटं हातांनी बोलले. दरपत्रकं तीन हवीत, दोनच का आणली? वर्गणी हप्त्याने घ्या, एकरकमी नको. आणि मोटर बदलायची गरजच नाही, बेअरिंग गेलंय. शेवटी फिटरच ते. सेक्रेटरी म्हणून माझी चांगलीच तारांबळ उडाली.

हप्ते मान्य झाले. मोटरचा ठराव मताला टाकला आणि तो काकांच्या विरोधासह मंजूर झाला. मिनिट्समध्ये तसं त्यांच्या नावासकट लिहिलंय.