महागडे क्लोज्ड-बॅक हेडफोन घरी कसे तपासायचे? आधी फिटिंग, मग आवाज

वीस-पंचवीस हजारांचा फोन घ्यायचा असला की आपण दुकानात जातो, हातात धरून बघतो, कॅमेरा चालवून बघतो. त्याच किमतीचे हेडफोन मात्र बहुतेक जण न ऐकताच मागवतात. दुसरबीडसारख्या गावात दुसरा मार्गही नसतो. मोबाईलच्या दुकानात इयरबड्स आणि नेकबँड मिळतील, पण भारी ओव्हर-इयर हेडफोन कानाला लावून बघायची सोय तालुक्याच्या ठिकाणीही सहसा नसते. मग दोन-चार रिव्ह्यू बघायचे आणि ऑर्डर टाकायची.

अडचण अशी आहे की क्लोज्ड-बॅक हेडफोनचा आवाज फक्त हेडफोनवर अवलंबून नसतो, तो तुमच्या डोक्यावर कसा बसतो त्यावरही ठरतो. रिव्ह्यू करणाऱ्याचं डोकं वेगळं, तुमचं वेगळं. म्हणून पार्सल आल्यानंतरचे रिटर्नचे दिवस हाच तुमचा शोरूम समजा. त्या दिवसांत काय तपासायचं, ते क्रमाने बघूया.

क्लोज्ड-बॅक म्हणजे काय?

हेडफोनच्या कपात ड्रायव्हर असतो, म्हणजे छोटा स्पीकर. कपाची मागची बाजू बंद असेल तर तो क्लोज्ड-बॅक, जाळीची उघडी असेल तर ओपन-बॅक. क्लोज्ड-बॅकमध्ये बाहेरचा गोंगाट आत कमी येतो आणि तुमचं गाणं शेजारच्याला कमी ऐकू जातं. एकाच खोलीत सगळं घर बसलेलं असतं, हॉस्टेल असतं, एसटीचा प्रवास असतो. आपल्याकडे हाच प्रकार जास्त कामाचा.

फिटिंगमुळे आवाज का बदलतो?

पॅड कानाभोवती नीट टेकला की आत हवेची एक बंद पोकळी तयार होते. ड्रायव्हर हलतो तेव्हा त्या हवेवर दाब पडतो आणि खालचा बेस ऐकू येतो. कुठे बारीक फट राहिली तर तो दाब फटीतून निघून जातो. सायकलच्या पंपाचा वायसर ढिला असला की दाब बनत नाही, तसंच हे. चष्म्याची काडी, जाड केस, कानातले किंवा गालाचं हाड यापैकी कशानेही फट पडू शकते.

गंमत म्हणजे फट पडल्यावर हेडफोन बिघडलाय असं वाटत नाही. "याच्यात बेसच नाही" एवढंच वाटतं. इंटरनेटवरचे ग्राफ बहुतेक वेळा कृत्रिम डोक्यावर किंवा कानावर, पॅड नीट बसवून मोजलेले असतात. तुमच्या कानावर फट असेल तर तो ग्राफ तुमच्यासाठी खरा राहत नाही.

काही वायरलेस मॉडेल आतल्या माईकने ही गळती ओळखून आवाज दुरुस्त करतात. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्समधलं अडॅप्टिव्ह ईक्यू हे त्याचं उदाहरण. साध्या वायरच्या हेडफोनला अशी मदत नसते.

ऑर्डर करण्याआधी तीन गोष्टी

१. रिटर्न की फक्त रिप्लेसमेंट? आवाज आवडला नाही म्हणून पैसे परत मिळतात का, की फक्त खराब पीस बदलून देतात, हे आधी वाचा. फक्त रिप्लेसमेंट असेल तर घरी केलेल्या चाचणीचा उपयोग अर्धाच.

२. वजन. सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा, तर एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा. कागदावर फरक छोटा दिसतो, दोन तासांनी मानेला कळतो.

३. ओहम. वायरचा हेडफोन फोनवर चालवणार असाल तर हा आकडा बघाच. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, फोनवर आरामात वाजतो. बेयरडायनामिक डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. त्यातला २५० वाला फोनवर हळू वाजेल. सेनहायझर एचडी ८२० तर ३०० ओहमचा, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर हवा. ओहमसोबत सेन्सिटिव्हिटीही बघा, दोन्ही मिळून आवाज किती मोठा येणार ते ठरतं.

फिटिंगच्या पाच चाचण्या

१. दाबून बघा. बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही कप तळहाताने अगदी हलके दाबा. बेस एकदम वाढला तर फट आहे. हेडबँड एक-एक घर वर-खाली करून, कप थोडे मागे-पुढे सरकवून परत बघा.

२. चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय ऐका. फरक खूप असेल आणि तुम्ही दिवसभर चष्मा लावत असाल तर हा हेडफोन तुमच्यासाठी नाही. बारीक काडी आणि मऊ पॅड असेल तर फरक कमी पडतो.

३. टोन लावा. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या. व्हॉल्यूम कमी ठेवून १०० हर्ट्झपासून हळूहळू ३० पर्यंत खाली या. कानाला खालचे आवाज मुळात कमी ऐकू येतात, त्यामुळे थोडं मंद होणारच. पण मध्येच आवाज गायब झाला किंवा एकाच कानात कमी झाला तर त्या बाजूचं फिटिंग बघा.

४. हलून बघा. मान खाली घाला, जांभई द्या, शेंगदाणे चावा. प्रत्येक हालचालीला बेस ये-जा करत असेल तर पकड कमी पडतेय.

५. दोन तास घाला, तेही दुपारी. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाईट गेल्यावर रेक्झिनचे पॅड घामाने चिकटतात. कानाची पाळी आतल्या कापडाला टेकत असेल तर अर्ध्या तासात दुखायला लागतं. डीटी ७७० प्रोसारखे मखमली पॅड कमी गरम होतात. पण पॅड बदलला की आवाजही बदलतो, त्यामुळे "नंतर दुसरे पॅड टाकू" या भरवशावर घेऊ नका.

आता आवाज

फिटिंग जमलं की मगच आवाजाकडे वळा. ईक्यू आणि बेस बूस्ट बंद करा. जुन्या हेडफोनशी तुलना करायची तर गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा येईल असा व्हॉल्यूम लावा. थोडासा मोठा वाजणारा हेडफोन आपल्याला उगाच चांगला वाटतो. अनोळखी डेमो ट्रॅकपेक्षा शंभर वेळा ऐकलेली गाणी घ्या.

ढोलकी आणि घुंगरू: "नटरंग"मधलं "वाजले की बारा" लावा. ढोलकीचा घुमारा आणि चाटीचा कडक आवाज वेगवेगळे कळले पाहिजेत. सगळं "धब धब" ऐकू आलं तर बेस फुगलेला आहे. घुंगरू टोचत असतील तर ट्रेबल जास्त आहे.

गळा: लतादीदींचं "मोगरा फुलला" ऐका. आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर कप उलटे घालून बघा. आवाज दुसरीकडे गेला तर दोष हेडफोनचा, रेकॉर्डिंगचा किंवा फोनचा, तिथेच राहिला तर तुमच्या कानाचा. "स" आणि "श" चिरकत नाहीत ना, हेही बघा.

गर्दी: "सैराट"च्या सिम्फनीचं रेकॉर्डिंग हॉलिवूडमध्ये झालं होतं. "याड लागलं"मध्ये व्हायोलिन, गायक आणि ताल सुटे ऐकू येतात का बघा. क्लोज्ड-बॅकमध्ये ओपन-बॅकइतका मोकळेपणा सहसा नसतो, पण खिचडीही व्हायला नको.

डब्याचा आवाज: बंद कपाचा नेहमीचा दोष म्हणजे घुमणं. घरातल्या कुणाला पेपर वाचायला लावा, फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐका. आई किंवा दादा डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर सावध व्हा. ओळखीच्या माणसाचा आवाज आपल्या कानाला कुठल्याही ग्राफपेक्षा लवकर कळतो.

वायरलेस घेत असाल तर

आयफोन ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी हेच कोडेक वापरतो, एलडीएसी नाही. त्यामुळे एलडीएसीसाठी जास्त पैसे मोजून आयफोनला जोडण्यात अर्थ नाही. नॉइज कॅन्सलिंग एसटीच्या इंजिनाची सलग घरघर चांगली दाबतं, हॉर्न किंवा बोलणं तितकं नाही. ते चालू आणि बंद, दोन्ही करून ऐका, काही मॉडेलमध्ये आवाजच बदलतो. रस्त्याने चालताना किंवा गाडीवर मात्र हेडफोन काढूनच ठेवा.

व्हॉल्यूम किती?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलवर फक्त ४ तास. फिटिंग चांगलं असलं की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि कमी व्हॉल्यूमवर भागतं. म्हणजे पॅड नीट बसणं हा कानाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे.

"वाजवून वाजवून खुलेल" असं कुणी म्हणालं तर?

महिनाभरात दोन गोष्टी होतात: पॅड थोडे मऊ पडतात आणि आपल्या कानाला सवय होते. टोचणारा ट्रेबल किंवा डब्यासारखा घुमारा त्याने जात नाही, रिटर्नची तारीख मात्र निघून जाते.

ठेवायचा की परत करायचा?

• दाबल्यावर बेस फारसा बदलत नाही, दोन तास घालून त्रास नाही, ओळखीचा आवाज ओळखीचाच वाटतो: ठेवा.
• फिटिंग चांगलं आहे, फक्त बेस किंवा ट्रेबल थोडा कमी-जास्त: ईक्यूने जमतं, ठेवायला हरकत नाही.
• आवाज छान, पण फट जात नाही किंवा कान दुखतो: परत करा. ईक्यूने फट बुजत नाही.

बॉक्स, बिल आणि प्लास्टिक निर्णय होईपर्यंत जपून ठेवा आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचं रिमाइंडर आजच फोनमध्ये लावा.