छातीबाहेरील हृदय

विकृत अर्भक जन्मास आलें कीं, माणूस आधीं त्याचा अर्थ विचारतो आणि रचना मागाहून पाहतो. फ्रान्सचा थोर शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे यानें १५७३ मध्यें अशा जन्मांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां कारणांच्या यादींत पहिलें स्थान ईश्वराच्या वैभवास व दुसरें त्याच्या कोपास दिलें. गर्भवतीच्या मनांतील कल्पना आणि तिची बसण्याची अयोग्य रीत, हींही कारणें त्यानें मोजलीं. ईश्वरास जाब कोण विचारणार? तो अर्थात् मातेसच द्यावा लागे.

पुढें शंभर वर्षें लोटण्यापूर्वींच, १६६५ च्या सुमारास, पॅरिस येथें निल्स स्टेन्सेन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानें एका मृतजात अर्भकाचें विच्छेदन केलें. ओठ दुभंगलेला, उरोस्थि चिरलेली, हृदय छातीबाहेर आलेलें. स्टेन्सेन तेथें थांबला नाहीं. त्यानें तें हृदय उघडलें. फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी अरुंद, खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र, आणि महारोहिणी त्या दोहोंवर आरूढ झालेली, असें त्यास दिसलें. पुढील दशकांत हा वृत्तान्त कोपनहेगन येथें छापला गेला. मार्सेय येथील फालो यानें १८८८ मध्यें या व्यंगाचीं चार लक्षणें एकत्र मांडलीं व नांव त्याचें राहिलें. परंतु त्यांतील तीन स्टेन्सेननें सव्वादोनशें वर्षें आधीं पाहिलीं होतीं.

यावरून श्रद्धेवर बुद्धीनें विजय मिळविला, असा सोपा सिद्धान्त कोणी काढील, तर तो टिकणार नाहीं. स्टेन्सेन १६६७ मध्यें कॅथॉलिक व १६७७ मध्यें बिशप झाला. त्याची श्रद्धा पारेच्या श्रद्धेहून उणी नव्हती. भेद होता तो प्रश्नांच्या क्रमाचा: आधीं काय आहे तें पाहावें, अर्थ मागाहून लावावा.

या क्रमाचें फळ मुलांच्या पदरांत पडावयास मात्र फार काळ लागला. १९४४ मध्यें बाल्टिमोर येथें ब्लॅलॉक, टॉसिग व टॉमस यांच्या प्रयत्नानें फालोच्या व्यंगावर शस्त्रक्रिया झाली. १९५८ मध्यें कँट्रेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं उरोस्थि, उदरभित्ति, मध्यपटल, हृदयावरण व हृदय या पांचांचे दोष एकाच मालिकेंतील असल्याचें दाखविलें. १९७५ मध्यें फिलाडेल्फियांत कूप यानें उघडें हृदय छातींत यशस्वीपणें बसविलें. तरीही दहा लक्ष जन्मांत सुमारें ५ ते ८ अर्भकें बाहेर आलेलें हृदय घेऊन येतात, आणि त्यांतील बहुतेक जगत नाहींत.

आपल्याकडे अशा जन्माचा दोष ग्रहणावर, म्हणजे पर्यायानें ग्रहण न पाळणाऱ्या मातेवर, ठेवणारे लोक अद्यापि आहेत. ज्या घरीं असें मूल दगावतें, तेथें शास्त्राजवळ पुष्कळदां उपाय नसतो. पण मातेच्या माथ्यावरील आरोप उतरविणें तरी त्याच्या हातीं आहे. आणि तेंही थोडें नव्हे.