संप : एका शब्दाची कुळकथा

आपले वाशीम हे एके काळचे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. लोकांच्या तोंडी घासून शब्द कसा बदलतो, हे वाशीमकरांना निराळे शिकवावयास नको. आज आम्ही अशाच एका शब्दाची कुळकथा सांगणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘संप’.

याला निमित्त एका टोमण्याचे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जिनिंगच्या फाटकापाशी मालक आम्हांला म्हणाले, “संप केला की सगळे संपते. शब्दच तसा आहे!” रुईच्या धुळीने पांढरे झालेले मजूरदेखील हसले. आम्हांला उत्तर सुचले नाही. आमचे शाळेतील शिक्षण थोडे. परंतु त्या दिवसापासून जे कोश आणि जी इतिहासाची पुस्तके हाती आली, ती या एका उत्तरासाठी चाळीत आलो.

प्रथम युरोपाकडे पाहू. इंग्रजी ‘स्ट्राइक’चा हा अर्थ खलाशांनी दिला. १७६८ साली लंडनच्या बंदरात मजुरीच्या तंट्यावरून त्यांनी जहाजांची शिडे खाली उतरविली. शीड उतरविणे याला त्यांच्या बोलीत ‘स्ट्राइक’ म्हणत. शीड नाही तर जहाज नाही, आणि जहाज नाही तर व्यापार नाही! जर्मनांनी हाच शब्द ‘श्ट्राइक’ म्हणून उचलला.

फ्रेंचांचा शब्द ‘ग्रेव्ह’. त्याचा मूळ अर्थ नदीकाठची वाळू. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी याच नावाचा एक चौक होता. बेकार मजूर कामाच्या आशेने तेथे येऊन उभे राहत. प्रथम ‘ग्रेव्ह करणे’ म्हणजे काम शोधीत तेथे उभे राहणे. एकोणिसाव्या शतकात त्याचाच अर्थ काम नाकारणे असा झाला. फ्रेंचांकडून तो पोर्तुगीजांकडे ‘ग्रेव्ह’ म्हणूनच गेला. हे ऐकून आपणांस परके वाटावयाचे कारण नाही. आपल्या विदर्भातही सकाळी डबा घेऊन मजूर जेथे उभे राहतात, त्या जागेला ‘ठिय्या’ म्हणतात. आणि न्याय मिळेपर्यंत कचेरीसमोर बसून राहणे, त्यालाही ‘ठिय्या’च म्हणतात. सेनेच्या काठी जे घडले, ते आपल्या चौकातही घडले.

स्पॅनिश ‘उएल्गा’ची कथा आणखी गोड आहे. त्याच्या मुळाशी लोहाराच्या भात्याचा लॅटिन शब्द आहे. भात्यासारखी धाप लागणे, मग दम घेणे, मग विसावणे, आणि शेवटी काम थांबविणे. इटालियन ‘शोपेरो’ म्हणजे कामातून बाहेर पडणे. रशियनांनी इटालियन ‘बास्ता’, म्हणजे ‘पुरे’, या शब्दावरून ‘झाबास्तोव्का’ बनविला. परंतु त्यांचा दुसरा शब्द आहे ‘स्ताच्का’, आणि त्याचे मूळ आपसांत संगनमत करणे हे आहे.

येथे आम्ही थबकलो. कारण आपल्या शेजारी गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा! घरात संप असावा, असे गुजराती माणूस आशीर्वादाच्या स्वरात म्हणतो. काम थांबविण्याला तो ‘हडताल’ म्हणतो, आणि हडताल म्हणजे हाटाला, बाजाराला, लावलेले टाळे. आपला ‘हरताळ’ तोच. ‘हरताळ फासणे’ मधला हरताळ मात्र वेगळा. पोथीतील चुकलेले अक्षर पुसावयाचा तो पिवळा खनिज रंग. शेजाऱ्याने ज्याला एकोपा म्हटले, त्याला मराठी कामगाराने संप म्हटले. काम थांबणे हे फळ. एकोपा हे मूळ. आपली भाषा मुळाचे नाव घेते.

इतिहासही तेच सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. गिरणी बंद न पाडता त्यांनी प्रथम एकोपा उभा केला, आणि १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. कुलाबा जिल्ह्यातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमीन पडीक ठेवली. तेथे ना गिरणी होती ना भोंगा, पण लोक त्याला शेतकऱ्यांचा संपच म्हणाले.

मात्र शब्दाच्या पोटी यशाची हमी नसते, हेही आम्ही लपविणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. एकोपा होता, तरी असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. म्हणून संपाची हाक देताना जीभ जड झाली पाहिजे, असे आम्ही तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो.

आता त्या मालकांचे उत्तर. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही संपाची व्याख्या नुसते काम थांबणे अशी नव्हती. ते अनेकांनी मिळून थांबविलेले असावे लागे. २०२० च्या संहितेने तर निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर त्यालाही संप म्हटले आहे. एकटा थांबला तर ती गैरहजेरी. सर्वांनी मिळून थांबणे हा संप. म्हणजे कायद्यालाही शब्दातील एकोपाच दिसला.

ते मालक आता हयात नाहीत, आणि ते जिनिंगही बंद पडले. त्या दिवशी हसलेल्या मजुरांपैकी काहींची मुले आज सकाळी ठिय्यावर उभी असतात. त्यांना ना फाटक, ना हजेरीपट; आज एकाचे काम, उद्या दुसऱ्याचे. ज्यांना थांबवावयास कायमचे कामच नाही, त्यांच्या हाती संपाचा जुना अर्थ तेवढा उरला आहे. उद्या सकाळी त्या चौकातून जाताना आपण त्यांच्याकडे एकवार पाहावे, आणि त्यांनी मिळून मजुरीचा एकच दर सांगितला, तर घासाघीस करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.