एक यंत्र, अनेक खिडक्या

वाचकहो, इगतपुरीच्या स्थानकावर आरक्षणाच्या खिडकीपाशी तुम्ही कधी उभे राहिला आहात का? बाहेर घाटातला धुवांधार पाऊस, रांगेत सात-आठ माणसे, कोणाच्या छत्रीचे पाणी कोणाच्या पायावर. आपली पाळी येते. आतले कारकून आपला कागद घेतात, गाडीचा क्रमांक व तारीख यंत्रावर उठवतात आणि मान वर करून विचारतात, "वरचा बर्थ आहे, देऊ का?" आपण "द्या" म्हणतो, पैसे मोजतो आणि निघतो.

आता गंमत पाहा. नेमक्या त्याच वेळी मुंबईत, नागपुरात, कदाचित वाराणसीलाही दुसरा एखादा कारकून त्याच गाडीचे बर्थ पाहत असतो. तरीसुद्धा तोच बर्थ दोघांना विकला जात नाही. हे कसे होते? खिडक्या हजारो, पण त्यांच्यामागची नोंदवही एकच. एका यंत्रावर दुरून अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि कोणी कोणाच्या पायात येऊ नये, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. ती साधी नव्हती. तिचाच इतिहास आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

आम्हां घाटमाथ्याच्या लोकांना ही कल्पना समजायला अवघड जाऊ नये. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ. अवजड गाडीला कसाऱ्याला मागून जोडइंजिने लावावी लागतात, ती तिला इथपर्यंत रेटत आणतात. रूळ मोजके आणि गाड्या पुष्कळ. मग उपाय काय? मार्गाचे तुकडे पाडायचे, एका वेळी एका तुकड्यात एकच गाडी सोडायची, आणि ती पुढे सरकेपर्यंत मागचीला तांबडा दिवा दाखवायचा. घाट कोणा एका गाडीच्या मालकीचा होत नाही. प्रत्येकीला तो घटकाभर मिळतो. यंत्राच्या बाबतीत हाच विचार सुचायला मात्र बराच काळ जावा लागला.

आपल्याकडचा पहिला मोठा देशी संगणक म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक. तो १९६० साली पुरता चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. पुढे १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा परदेशी संगणक आला. दूरदूरच्या संस्थांतील संशोधक त्याचा उपयोग करीत. पण कसा? आपले गणित भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवायचे, तो गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. एखादा स्वल्पविराम चुकला तर गठ्ठा तसाच परत. चूक सुधारा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहा! याचे कारण उघड होते. यंत्राचा क्षण लाखमोलाचा होता आणि माणसाचा दिवस स्वस्त होता.

हा हिशेब उलटा करावा असे १९५९ साली दोन ठिकाणी दोघांना सुचले. अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेतील जॉन मॅकार्थी यांनी तसे टिपण लिहिले, आणि इंग्लंडच्या ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी पॅरिसच्या परिषदेत याच विषयावर निबंध वाचला. मुद्दा सोपा होता. माणूस टंकलेखन करतो, मध्येच थांबतो, डोके खाजवतो. तेवढ्या अवधीत यंत्राची लाखो बेरजा-वजाबाक्या करण्याची ताकद वाया जाते. मग यंत्राने आपला वेळ बारीक बारीक कापून पाळीपाळीने सगळ्यांना का वाटू नये? पाळी इतकी झटपट फिरेल, की प्रत्येकाला वाटावे यंत्र माझे एकट्याचेच आहे. गोकुळातल्या रासात प्रत्येक गोपीला कृष्ण आपल्याच जवळ दिसला म्हणतात, तसाच काहीसा प्रकार!

नोव्हेंबर १९६१ मध्ये एम.आय.टी.तच फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून दाखविले. त्यांच्या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस. १९६४ च्या मे महिन्यात डार्टमथ कॉलेजात केमेनी व कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी हीच सोय विद्यार्थ्यांना खुली केली आणि त्यासाठी बेसिक ही सोपी संगणक-भाषा रचली. मुंबईच्या टाटा संस्थेतही १९७० च्या दशकात डेक-सिस्टीम-१० हे असे वाटून घेण्याजोगे यंत्र आले.

परंतु नुसती पाळी लावून भागत नाही. वाड्यात चार बिऱ्हाडे राहायची तर मध्ये भिंती हव्यात आणि प्रत्येकाच्या दाराला कुलूपही हवे. म्हणून सीटीएसएसमध्ये प्रत्येकाला सांकेतिक शब्द, म्हणजे आजचा पासवर्ड, देण्यात आला. तेथील अॅलन शेर या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तासांचा वेळ ठरवून दिलेला होता. तो पुरेना. १९६२ साली या पठ्ठ्याने युक्तीने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर आपले काम उरकले! पुढे एकदा आणखीच विलक्षण प्रकार झाला. एक व्यवस्थापक सर्वांसाठीची रोजची सूचना लिहीत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. लिहिण्याचे साधन दोघांचे एकच, आणि ते एका वेळी एकच माणूस वापरील अशा समजुतीने बनविलेले. दोघांच्या तात्पुरत्या कागदांची अदलाबदल झाली. मग जो कोणी यंत्रावर येई, त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळत.

या गोष्टी केवळ हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. एकासाठी केलेली वस्तू अनेकांच्या हाती दिली की कोठे फाटते, ते त्या दाखवितात. पाळी, भिंत आणि ओळख या तिन्ही गोष्टी जागच्या जागी असाव्या लागतात.

आपल्याकडे सामान्य माणसाला या विद्येचे फळ मिळाले ते रेल्वेमुळे. पूर्वी आरक्षण जाडजूड वह्यांत होई. वही गाडी सुटण्याच्या ठिकाणी असायची, आणि मधल्या स्थानकांच्या वाट्याला ठराविक जागा यायच्या. तो वाटा संपला की तार पाठवा आणि उत्तराची वाट पाहा. १९८५ साली दिल्लीला संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे केंद्रे झाली आणि १९९९ साली ही पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. कारकुनापुढचा पडदा म्हणजे नुसती खिडकी. खरी वही दूरच्या केंद्रात. एका कारकुनाने बर्थ धरला की व्यवहार पुरा होईपर्यंत तो दुसऱ्याला मिळत नाही. घाटातला तांबडा दिवाच म्हणा ना! इगतपुरीच्या माणसाला प्रथमच मुंबईकराच्या बरोबरीने तीच वही पाहता आली. ही लहान गोष्ट नव्हे.

मध्यंतरी मात्र काळाने वेगळे वळण घेतले. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला आणि यंत्र स्वस्त होऊन मेजावर आले. एक माणूस, एक यंत्र! वाटून घेण्याची विद्या मोठ्या केंद्रांपुरती आणि १९६९ पासून वाढत आलेल्या युनिक्सच्या कुळापुरती उरली. मेजावरचे यंत्र एकाचेच, अशी समजूत रूढ झाली.

त्या समजुतीचा फटका कसा बसतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात चांगला संगणक एकच होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. डोंगरापलीकडच्या वाडीतली एक मुलगी त्या संगणकावर बसून अर्ज भरत होती. तेवढ्यात एका कर्मचाऱ्याने घरून, दुरून, त्याच यंत्रात प्रवेश केला. तिच्यापुढचा पडदा बंद झाला! आतले काम पुसले गेले नव्हते, पण ते गृहस्थ बाहेर पडेपर्यंत संकेतस्थळाची मुदत उलटली होती. तिने बाजारात जाऊन सारा अर्ज पहिल्यापासून भरला. अर्ज गेला, पण वाडीची शेवटची एस.टी. चुकली.

यात दोष त्या कर्मचाऱ्याचा म्हणावा का? त्यालाही काम होतेच. मेजावरच्या विंडोजमध्ये २००१ च्या एक्सपी आवृत्तीपासून दुरून काम करण्याची सोय आहे, पण ती एका वेळी एकालाच. दुसरा आत आला की समोरचा बाहेर. यंत्राची ताकद अपुरी पडते म्हणून असे होत नाही. परवान्याची अटच तशी आहे. अनेकांना आपापला वेगळा पडदा हवा असेल तर विंडोजची सर्व्हर आवृत्ती आणि माणशी किंवा यंत्रामागे परवाना घ्यावा लागतो. आतली फाइल बदलून ही अट चुकविण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. ते नियमात बसत नाही, आणि पुढच्या सुधारणेबरोबर युक्ती कोलमडते ती नेमकी गर्दीच्या दिवशी. व्हीएनसीसारखे साधन एकच पडदा अनेकांना दाखविते. शिकविण्यासाठी ते उत्तम, पण तिथे सर्वांचा उंदीर एकच, तेव्हा चौघांनी चार कामे करणे शक्य नाही. लिनक्स मात्र युनिक्सच्या वळणाची. एका बऱ्यापैकी यंत्रावर दहा जुने संगणक नुसत्या खिडक्या म्हणून जोडता येतात आणि प्रत्येकाला आपापली खोली मिळते. परवान्याचा खर्च नाही. बसवून देणारा जाणता माणूस तेवढा हवा.

अर्थात याला दुसरी बाजूही आहे. मधले यंत्र बंद पडले की सगळ्याच खिडक्या आंधळ्या होतात. पावसाळ्यात तार तुटली म्हणजे आरक्षणाच्या खिडकीवर 'लिंक नाही' असे ऐकून परतण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. तेव्हा सामायिक यंत्र ठेवायचे तर कामाची दुसरी प्रत, विजेची सोय आणि कोणाची पाळी आधी याचा नियम, या तिन्ही गोष्टी आधीपासून तयार हव्यात.

त्या नियमाचे काम यंत्रावर सोपवून चालत नाही. यंत्र क्षणांची वाटणी काटेकोर करील, पण शेवटच्या दिवशी वाडीतल्या मुलीचे काम आधी व्हावे, हे त्याला कोणी सांगायचे? ते कार्यालयातल्या माणसांनीच ठरवून भिंतीवर लिहून लावायचे असते. तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत वा वाचनालयात असा एकच चांगला संगणक असेल, तर दुसरा मागण्यापूर्वी एवढे करून पाहा. एकाच यंत्राला चार खिडक्या करता येतात, आणि शेवटची एस.टी. चुकायचीही काही गरज उरत नाही.