दौलतगंजातून निघालेली गायकी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दौलतगंज या मोहल्ल्याच्या नावात दौलतराव शिंद्यांचे नाव ऐकू येते. 1810 च्या सुमारास त्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली. छावणीचे शहर झाले आणि मराठी कुटुंबांनी तेथे बिऱ्हाडे थाटली. याच नगरातील ख्यालगायकी पुढे भारतभर कशी पसरली, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

हस्सूखाँ व हद्दूखाँ हे शिंदेदरबारचे गायक. त्या काळी विद्या घराबाहेर सहसा जात नसे. तरीही वासुदेवबुवा जोशी या परंपरेत शिकले, आणि त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (1849–1926) ती गायकी महाराष्ट्रात आणली. मिरजेस त्यांच्यापाशी शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर 1896 साली गुरुगृह सोडून निघाले आणि 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजाश्रयावाचून, लोकांच्या वर्गणीवर चाललेली ती शाळा होती. जलशास तिकीट, शिक्षणास स्वरलिपी आणि गाणाऱ्यास समाजात मान, या तीन गोष्टींनी दरबारची विद्या सामान्य गृहस्थाच्या दारी आली. 1908 मध्ये मुंबईस शाखा निघाली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्याच परंपरेचे शिष्य होत.

परंतु यशाचा हा इतिहास सांगताना मागे राहिलेल्यांचा विसर पडू नये. शंकरराव पंडितांनी (1863–1917) निसार हुसेनखाँकडून घेतलेली विद्या ग्वाल्हेरातच जपली. त्यांचे पुत्र कृष्णराव यांनी 1914 साली तेथेच विद्यालय काढले आणि 1989 पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात ती परंपरा राखली. 1918 साली भातखंडे यांच्या पुढाकाराने व माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालयही उभे राहिले.

मग या विद्येचा खरा वारस कोण, बाहेर पडलेला की घरी थांबलेला? स्वरलिपीने बंदिशीचा सांगाडा दूरवर नेला. परंतु आवाजाचा लगाव, बोलांचे वजन आणि तानेचा ओघ कागदावर उतरत नाही, तो गुरूच्या समोर बसूनच कळतो. उलट, जे केवळ घरात राहते ते एका पिढीच्या अपमृत्यूने नाहीसे होऊ शकते. आमच्या मते ग्वाल्हेर गायकी टिकली ती या दोघांमुळे: एकाने ती गावोगावी पोहोचविली, दुसऱ्याने तिचा उगम कोरडा पडू दिला नाही. शिक्षकांनी आपल्या वर्गातही हाच विवेक करावा. पुस्तक द्यावे, पण समोर बसवून शिकविणे सोडू नये.